बद्रीचा आवाज आणि शिशाची पिशवी

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

आज सकाळी बंगळुरूहून सोनियाचा फोन आला. सोनिया म्हणजे आमच्या बद्रीनाथची एकुलती एक लेक. तिला मुलगा झालाय, बारसं सोळा फेब्रुवारीला, रविवारी. म्हणाली, "काका, बारशाला या आन् येताना बाबांचा आवाज घेऊन या." पाव किलो चिवडा आणायला सांगावं तसं सांगितलं पोरीनं.

बद्री गेल्या दिवाळीत गेला. पेशानं जिल्हा परिषदेचा मास्तर, पण लोक ओळखायचे ते जत्रेतल्या कुस्त्यांचा निवेदक म्हणून. फडात हलगी घुमायला लागली की बद्री माईक हातात घ्यायचा आणि मी कॅमेरा खांद्यावर टाकायचा. औरंगपुऱ्यात माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नसराईत पोटापाण्याचं काम, आणि जत्रांमध्ये बद्रीच्या मागं फुकटचं. तो गेल्यावर मी माळ्यावरच्या सगळ्या व्हिडिओ कॅसेटी खाली काढल्या, तर निम्म्यांवर पांढरी बुरशी. ज्या चालल्या त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. दोन तर उतरता उतरता मशिनमध्येच तुटल्या. आता बद्री जेवढा म्हणून उरलाय, तेवढा एका हार्ड डिस्कमध्ये आहे. तळहाताएवढी काळी डबी.

मी म्हटलं, कुरिअरनं पाठवतो. सोनिया म्हणाली, "नाय काका, कुरिअरवर माझा भरवसा नाय. तुम्हीच आणा. विमानाचं तिकीट काढलंय मी." म्हणजे मला विचारायच्या आधीच काढलं होतं! पोरगी हुशार, बापावर गेलीय. मोलाचा ऐवज मोलाच्या माणसाच्याच हाती द्यावा, एवढं तिला कळतं.

माझी सून तनुजा बाजूला मेथी निवडत होती. म्हणाली, "अप्पा, इंटरनेटवरून पाठवलं तर दुपारपस्तोर जाईल की." मी म्हटलं, बद्रीला काय वाऱ्यावर सोडू? तर ती हसली आणि म्हणाली, "मंग तर तुम्हाला जावंच लागतंय." माझी बायको गेल्यापासून मी हर्सूलच्या पलीकडं कुठं गेलेलो नाही. पण कर्तव्य आलं की माणसाला उठावं लागतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

विमानतळावर सामानाला क्ष-किरण दाखवतात म्हणे. हे ऐकलं आणि माझी भूकच मेली.

क्ष-किरण काय करतात ते या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पूर्वी आखातात कामाला गेलेली पोरं सुट्टीवर आली की रोल धुवायला माझ्याकडं टाकायची. चार विमानतळं फिरून आलेले रोल. धुतले की सगळ्यांवर धुकं! वाळवंटात उभा राहिलेला भाऊ धुनीपुढं बसलेल्या गोसाव्यासारखा दिसायचा, आणि त्याची आई माझ्याशी भांडायची. हार्ड डिस्क म्हणजे तरी काय, रोलच की. रूप बदललं इतकंच.

तनुजा म्हणते, "अप्पा, धोका फिल्मला असतो, डिस्कला नाय. डिस्क पडू द्यायची नाय, आपटू द्यायची नाय आन् हरवू द्यायची नाय, एवढंच बघायचं." माझ्या मुलानं, विश्वजीतनं मान हलवली. तो वाळूजला कारखान्यात आहे आणि घरी आल्यावर बायकोच्या प्रत्येक वाक्याला मान हलवतो. माझी उभी हयात डार्करूममध्ये गेली. हे मला शिकवायला निघालेत.

संध्याकाळी कडुबा आला. त्याची रिक्षा माझ्या स्टुडिओसमोर उभी असायची, तेव्हापासूनची आमची दोस्ती. त्याला अडचण सांगितली तर म्हणाला, "भाऊ, मपल्या बायकोच्या गुडघ्याचा चारदा एक्स-रे काढला. गुडघा काय पुसला नाय गेला." कडुबा माणूस लाखाचा, पण विज्ञानात कच्चा.

२७ जानेवारी, सोमवार

सापडली! शिशाची पिशवी सापडली!

फार वर्षांपूर्वी एक म्हातारा जपानी पाहुणा अजिंठ्याला निघाला होता. त्याच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं आणि तो माझ्या दुकानात आला. मी ते मोकळं करून दिलं, पैसे घेतले नाहीत. जाताना तो वाकून वाकून ही पिशवी देऊन गेला. आतून शिशाचा पत्रा आहे. रोल यात ठेवला की क्ष-किरणांचा बाप आला तरी आत शिरत नाही. दिसायला चंचीएवढी, पण हातात घेतली की वरवंटा धरल्यासारखं वाटतं. डिस्क टाकून पाहिली, अगदी बेताची बसली.

बद्री, तुझी सोय झाली रे.

३० जानेवारी, गुरुवार

तनुजाचं नवं टुमणं. "अप्पा, निघायच्या आधी त्याची एक कॉपी काढून ठेवू." मी साफ नाही म्हटलं. कॅसेटच्या जमान्यात मी हजार लग्नं उतरवली आहेत. मास्टर ती मास्टर. तिची कॉपी फिकी, आणि कॉपीची कॉपी काढली की नवरा कोणता आणि करवला कोणता ते कळत नसे. शिवाय मास्टर जितकी चालवाल तितकी झिजते. म्हणून सगळ्यांना बजावलं आहे, डिस्क कुणी लावायची नाही, बघायची नाही, ऐकायची नाही. बारशालाच लागेल.

"अप्पा, हे झिजत नसतं," तनुजा म्हणाली. "शंभर कॉप्या काढा, पयली आन् शेवटची सारखीच ऱ्हाती." असं कुठं असतं का? ताकात पाणी घालत गेलं की ताक पातळच होणार.

डिस्क लोखंडी कपाटात ठेवली. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात. आंघोळीपुरती बंडी खुंटीला असते, तेवढाच काय तो वेळ.

२ फेब्रुवारी, रविवार

आज कपाट उघडलं तर डिस्क उलट्या तोंडानं ठेवलेली. मी सरळ ठेवली होती, हे मी पिंडीवर हात ठेवून सांगीन. कॉम्प्युटरला हात लावला तर तोही गरम. विश्वजीतला विचारलं. तो तनुजाकडं बघत म्हणाला, "खिडकीतून ऊन येतंय त्याच्यावर." ठीक आहे, ऊन म्हणावं. पण डिस्क? तनुजा म्हणाली, "उंदीर असंल अप्पा." कपाटात उंदराचं औषध ठेवायला सांगितलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

चहाच्या वेळी तनुजानं विचारलं, "अप्पा, बद्रीकाकांच्या कुस्त्यांत इंद्रजीत नावाचा कुणी पैलवान होता का?"

होता का म्हणजे? हर्सूलच्या जत्रेत त्यानं आपल्या दुप्पट गड्याला धोबीपछाड मारून अस्मान दाखवलं होतं! हे मी सांगायला लागलो तर ती म्हणाली, "थांबा, थांबा, पयल्यापासून सांगा. आन् जरा मोठ्यानं, मला ऐकू येईना." पोरीचे कान एकाएकी काय झाले कोण जाणे. तिचा मोबाईल साखरेच्या बरणीला टेकून माझ्याकडं तोंड करून उभा होता. हा नेहमी तिथंच का ठेवतेस म्हणून विचारलं, तर म्हणे चार्जिंग तिथं चांगलं होतं. वायर मात्र दिसली नाही.

मग मी सगळं सांगितलं. बद्रीची खटारा राजदूत, तिच्यावर तो पुढं, मी कॅमेरा पोटाशी धरून मागं. वाटेत गाडी बंद पडली की तो माझ्याकडून ढकलून घ्यायचा आणि स्वतः वर बसून निवेदन करायचा, "आता जोर लावतायत औरंगपुऱ्याचे अप्पाराव, दमलेत, पण हटत नायत!" तनुजा हसून हसून लोटपोट. बऱ्याच दिवसांनी घरात एवढा आवाज झाला. हल्ली ती रोज चहाला एक तरी गोष्ट मागते. मला काय, मी सांगतो.

तेवढ्यात तिला सोनियाचा फोन आला आणि ती बाल्कनीत जाऊन कुजबुजत बसली. या दोघींचं हल्ली काय एवढं चालतं देव जाणे. बाळाच्या पोटदुखीबद्दल असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

आज तनुजाला घेऊन गुलमंडीत गेलो. सोनियाच्या बाळंतविड्याची खरेदी. बाळंतीण आमच्या घरची नसली तरी बद्रीची लेक ती आमचीच. मऊ सुती कापड घेतलं, दुपट्याला, टोपड्याला, झबल्यांना. डिंकाचे लाडू तनुजानं घरीच वळले, तुपात नुसते न्हायलेत.

दुपारी ती मशिनवर झबली शिवत होती. एका झबल्याला तिनं आतून खिसा लावलेला पाहिला. मी म्हटलं, "अगं, दीड महिन्याच्या पोराला खिसा कशाला? पगार ठेवायला?" ती म्हणाली, "फॅशन हाय अप्पा." फॅशन म्हटलं की माझं तोंड बंद.

माझ्या नकळत तिनं डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवली. माझं नाव, आणि खाली फोन नंबर मात्र तिचा. मी ओरडलो, ही काय शाळेतल्या पोराची पाण्याची बाटली आहे? आणि नंबर तुझा कशाला? "तुम्ही इमानात बसल्यावर तुमचा बंद राहील ना, म्हणून." चिठ्ठी खरवडायला गेलो तर निघेना. वरून पारदर्शक पट्टी मारलेली. जाऊ दे. पिशवीत गेल्यावर दिसणार थोडीच आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या उड्डाण. सामान बांधून तयार. तनुजानं निकाल दिला: बाळंतविड्याची बॅग खाली विमानाच्या पोटात, डिस्क माझ्या हातात. "खाली सामान आपटतंय अप्पा, डिस्क तिथं घालायची नाय." हे मात्र तिचं पटलं.

पण एक वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं की मला त्याचा कंटाळा आला. "पोचल्या पोचल्या बाळंतविडा सोनियाताईच्या हातात द्या. लगेच. दुसऱ्या कुणाच्या नाय." या पोरींना रीतभात राहिली नाही. बाळंतविडा बारशाच्या दिवशी, चारचौघांत, हळदीकुंकू लावून द्यायचा असतो. तोवर गाठसुद्धा सोडायची नाही. मी नुसती मान डोलावली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. बंगळुरू

पोचलो. आधी झालेली फजिती लिहितो.

कडुबानं रिक्षा चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत अशी आणली की विमान तिथंच लाजलं असतं. म्हणाला, "भाऊ, खिडकीजवळ बसा, आन् मपलं घर दिसलं तर हात करा."

तपासणीला पिशवी पट्ट्यावरून मशिनात गेली आणि पट्टा थांबला. वर्दीतली एक पोरगी म्हणाली, "अंकल, इसमें क्या है? मशीन में कुछ दिख नहीं रहा."

मी म्हटलं, "दिखनाच नहीं चाहिए. इसीलिए तो इसमें रखा है."

हे बोलायला नको होतं असं आता वाटतं. आणखी दोघं जण आले. पुन्हा विचारलं, आत काय आहे? मी खरं ते सांगितलं, "हमारे दोस्त की आवाज है." दोस्त कुठं आहे म्हणाले. म्हटलं, "गुजर गए." मग ते तिघं एकमेकांकडं बघत राहिले.

शेवटी त्यांनी पिशवी उघडली. डिस्क एका ट्रेमध्ये, पिशवी दुसऱ्या ट्रेमध्ये, आणि दोन्ही परत मशिनात! उघड्या डिस्कवर क्ष-किरण! "मॅडम, रोल खराब होगा!" म्हणून मी ओरडलो, ती म्हणाली, "अंकल, ये रोल नहीं है." माझ्याच्यानं बघवेना. मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा मागून माणसांचा लोंढा, पुढं माझा कमरेचा पट्टा, मोबाईल, चष्म्याचं घर, सगळं एकदम आलं. पिशवी आली. उचलली, चांगली जड लागली. डिस्क त्यांनी परत आत घातली असणारच, शिस्तीची माणसं ती. छातीशी धरली आणि तिथून सुटलो.

विमानात मग माझं कशातच लक्ष लागेना. खिडकीतून ढग दिसत होते आणि मला वाटत होतं, बद्रीवर आता असंच धुकं आलं असेल. कडुबाला हात करायचाही राहिला.

सोनिया आणि तिचा नवरा सत्यम न्यायला आले होते. गाडीत बसतो तोच तनुजाचा फोन. "अप्पा, डिस्क हाय ना?" म्हटलं, छातीशी आहे. "पिशवी उघडून बघितली का?" म्हटलं, आता बारशालाच उघडणार. तर ती म्हणाली, "बरं. मंग बाळंतविडा तेवढा आजच द्या, ऐका माझं." पुन्हा तेच! मी फोन ठेवला.

घरी दगडावहिनींनी दारातच ओवाळलं. वहिनी म्हणजे बद्रीची बायको, लेकीच्या बाळंतपणाला येऊन राहिल्यात. पाया पडलो तर डोळे पुसत म्हणाल्या, "भावजी, आमचं मानूस आणलं का संगट?" मी पिशवीवर हात ठेवून म्हटलं, आणलं वहिनी.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पिशवी रिकामी आहे.

सकाळी खोलीचं दार लावून पुसायला म्हणून उघडली. आत नुसतं शिसं. काल जे जड लागत होतं ते शिसंच होतं. मी डोळे मिटले आणि बद्री ट्रेमध्ये राहिला. क्ष-किरणांपासून वाचवायला निघालो, आणि छत्री विसरावी तसा विसरून आलो. एवढ्या गर्दीच्या जागेत ती काळी डबी कुणी ठेवली असेल? गेली. बद्री दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी माझ्या हातानं.

तनुजाचे एकामागून एक फोन येतायत. काय तोंडानं उचलू? बंद करून ठेवलाय.

दुपारी सोनिया म्हणाली, "काका, तनुजावहिनी म्हणत होत्या की..." मी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत चपला घातल्या आणि पाय मोकळे करून येतो म्हणून निघालो. जवळच्या बागेत एका बाकावर बसून राहिलो. तिथले म्हातारे कानडीत काहीतरी बोलून हसत होते, मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला.

परत आलो तर सोनिया बाळंतविड्याच्या बॅगेपाशी उभी. "काका, हा मला आत्ताच द्या ना." मी म्हटलं, नाही बाई, उद्या, रीतीप्रमाणं. माझ्या हातून एक घोळ झालाय, दुसरा नको. ती म्हणाली, "अहो काका, ऐका तर खरं, त्या डिस्कचं तुम्ही..." डिस्कचं नाव काढताच मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत आलो आणि बॅगही सोबत आणली. उशाशी घेतलीय. दाराबाहेर सोनिया आणि सत्यम हसत होते. हसू दे बिचाऱ्यांना, उद्या कळेलच.

वहिनींनी आज सोफ्यावर स्वतःसाठी जागा धरून ठेवली आहे, टीव्हीच्या अगदी समोर. सगळ्यांना सांगतायत, "उद्या मी हितंच बसणार हाय."

उद्या पाळण्यापुढं सगळ्यांच्या देखत सांगून टाकीन. दुसरा इलाज नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

पाळणा झेंडूनं सजवलेला. खाली शेजारच्या कानडी बायका, सत्यमची माणसं, आणि टीव्हीसमोर नवं लुगडं नेसलेल्या वहिनी. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि म्हटलं, "मला एक सांगायचंय." सोनिया पटकन म्हणाली, "आधी बाळंतविडा, काका. रीत हाय ना?" तिनं माझ्याच तोंडची रीत माझ्या गळ्यात मारली. दिला. हळदीकुंकू लावून, रीतसर.

तिनं बॅग उघडली, वरचं दुपटं काढलं, आणि हात घालून सरळ ते खिशाचं झबलंच काढलं. खिशातून लाल दोऱ्यानं बांधलेला, करंगळीएवढा पेन ड्राइव्ह निघाला. "हे बघा," ती सगळ्यांना म्हणाली, "काकांनी बाबांना आणलं."

मी कुठला आणतोय! सत्यमनं तो टीव्हीच्या मागं खोचला. सत्यमची बहीण, म्हणजे बाळाची आत्या, बाळाच्या कानाशी वाकली. बायका "कुर्रर्र" करून तिच्या पाठीत धपाटे घालायला सरसावल्या. आणि तिनं नाव सांगायच्या आत टीव्हीतून हलगी वाजली. मागोमाग तो आला. धुकं नाही, खरखर नाही, खणखणीत.

"हलगीवाले, दम धरा जरा! आता फडात यायलाय हर्सूलचा पठ्ठ्या... इंद्रजीत! इंद्रजीत! आरं, टाळ्या वाजवा की, हात काय घरी ठिवून आलात? आन् ते कॅमेरावाले अप्पाराव, बाजूला सरका, तुमचं डोकं मधी यायलंय, लोकायला पैलवान दिसंना!"

खोली टाळ्यांनी भरून गेली. ज्यांना मराठीचा शब्द कळत नव्हता, त्यांनीसुद्धा वाजवल्या. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की पोराचं नाव इंद्रजीत ठेवलंय, आणि ते त्याच्या आजोबांनीच ठेवलं.

बाळ दचकून चुळबुळलं. आणि दगडावहिनी टीव्हीकडं बघत, पदर डोक्यावर सारखा करत, रोज बोलत असतील तशा बोलल्या, "अहो, हळू बोला जरा. लेकरू झोपलंय."

मग वहिनी स्वतःच हसल्या, मग सगळे हसले, आणि मी रडलो. लपवलंही नाही.

नंतर मी कबूल केलं, डिस्क हरवली. सोनिया म्हणाली, "माहिताय काका. परवाच विमानतळावरून तनुजावहिनींना फोन आला, चिठ्ठीवर नंबर होता ना. डिस्क घरीसुद्धा पोचली." मी म्हटलं, मग मला सांगितलं का नाही? "तुम्ही सांगू द्याल तर ना! फोन बंद, बागेत पळून जाताय, आन् बाळंतविडा उशाशी घेऊन झोपताय."

पेन ड्राइव्हमध्ये बद्रीच्या शेजारी आणखी एक कप्पा होता, 'अप्पा' नावाचा. सत्यमनं चुकून तो लावला. कुणीतरी घोगऱ्या आवाजात राजदूत ढकलायची गोष्ट सांगत होतं, मागं चहाच्या कपबश्या वाजत होत्या. हा मी? इतका म्हातारा वाटतो मी? वहिनी म्हणाल्या, "ह्ये बी हळू बोलत नायत."

पाहुणे निघताना वहिनींनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "सोनी म्हणलीच होती, अप्पा भावजी नुसतं बोलावलं तर यायचे नायत, त्यायच्या हाती कायतरी काम द्यावं लागंल." म्हणजे काय ते नीट समजलं नाही, गडबड फार होती.

१९ फेब्रुवारी, बुधवार. घरी

काल परत आलो. येताना शिशाची पिशवी सोनियाकडंच ठेवून आलो. इंद्रजीत मोठा होऊन फोटोग्राफर झाला तर कामाला येईल.

आज शिवजयंती. मिरवणुकीमुळं रस्ते बंद, तरी कडुबा गल्लीबोळांतून आलाच. टेबलावरच्या डिस्ककडं बघून म्हणाला, "भाऊ, तिकीट तुमचं आन् ही बया फिरून आली घरच्या घरी." विश्वजीत विमानतळावर जाऊन सही करून घेऊन आला होता.

मी तनुजाला एवढंच म्हटलं, आणखी कॉप्या काढ. एक कडुबाच्या पेटीत राहू दे, एक विश्वजीतच्या कारखान्यातल्या कपाटात, आणि ते इंटरनेटचं काय म्हणत होतीस, तिथंही एक सोड. कडुबाच्या कॉपीवरची चिठ्ठी मी स्वतः चिकटवली, वरून पारदर्शक पट्टी मारून.

एक कोडं मात्र उरलं होतं. तो पेन ड्राइव्हही मशिनातून गेलाच असणार, मग त्याला काही झालं कसं नाही? विचार करता करता उत्तर सापडलं. शेजारी डिंकाचे लाडू होते. एवढ्या तुपातून किरण आरपार जाणार कसे? तनुजाला सांगितलं. ती म्हणाली, "व्हय अप्पा, तुपामुळंच." चला, शेवटी पोरीला पटलं.

संध्याकाळी चहा आला. मोबाईल साखरेच्या बरणीला टेकून माझ्याकडं तोंड करून उभा होता. तनुजा इकडंतिकडं बघत म्हणाली, "अप्पा, पैठणच्या जत्रेत बद्रीकाकांची चप्पल हरवली ती गोष्ट सांगा की."

मी खुर्ची जरा पुढं ओढली, टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि बरणीकडं तोंड करून मोठ्यानं सुरुवात केली, "इंद्रजीता, नीट ऐक रे बाळा. तुझा आजोबा होता ना..."